समोरच्याच्या रॅकेटवर

आनंदच्या रॅकेटवरून सुटलेला बॉल जाळीवरून पलीकडे गेला आणि दत्तोपंतांच्या उजव्या हातापाशी, त्यांनी रॅकेट जिथे धरली होती नेमका तिथेच, पाळलेल्या कबुतरासारखा जाऊन बसला. दत्तोपंतांनी तो कडक परतवला. खुर्च्यांवरची मंडळी ‘वा, दत्तोपंत’ म्हणाली. भरलेलं समजून भांडं उचलावं, ते रिकामं निघावं, आणि लावलेला सगळा जोर हातातच राहून जावा, तसं बायजाबाईला झालं. तिने शाल आवळली. शेजारी सून प्रेमलता ताठ बसून खेळ पाहत होती. तिला काही जाणवलेलं दिसलं नाही. जाणवणार कुठून. तिने सासऱ्याला खाटेवरच पाहिलेलं. पण बायजाबाईला तो बॉल ओळखायला क्षणही लागला नाही. तो आनंदचा नव्हता, आनंदच्या बापाचा होता. जीव गेलेला माणूस पोराच्या मनगटातून असा भर संध्याकाळी, चार लोकांसमोर बाहेर यावा, याचा तिला आधी धक्का बसला आणि मग राग आला. राग तिला नेहमी जरा मागाहून यायचा, पण आला की मुक्कामाला यायचा.

तशी आजची संध्याकाळ तिने स्वतःच ओढवून घेतली होती. शहरातल्या चार क्लबांनी मिळून हिवाळ्यापुरती टेनिसची लीग काढलेली. दर गुरुवारी कचेऱ्या सुटल्यावर डबल्स खेळायचं, मग चहा प्यायचा, समोसे खायचे आणि आपापल्या स्कूटरवर घरी जायचं. आनंद त्याच्या ऑफिसच्या जिमखान्याकडून खेळायचा. आजचा खेळ कोणत्या क्लबात आहे हे त्याने सकाळी दाढी करता करता, आरशाकडे पाहून सांगितलं होतं. आईकडे पाहून सांगितलं असतं तर कदाचित ती काही बोलली नसती. ‘मी येतो,’ ती म्हणाली. ‘तू काय करशील तिथं माय, थंडी असते,’ तो म्हणाला. ‘थंडी माह्या ओळखीची आहे,’ ती म्हणाली, आणि पेटीतलं पांढरं पातळ काढायला गेली. प्रताप नगरहून इथपर्यंत ती सुनेबरोबर रिक्षात बसून आली. या क्लबाच्या फाटकातून आत यायची ही तिची पहिलीच वेळ. एरवी तिची जागा पलीकडच्या मेंदीच्या कुंपणाबाहेर होती. इंदोऱ्याच्या वस्तीतून भाकरीचा डबा घेऊन चालत यायचं, कुंपणापाशी उभं राहायचं, आणि मेंदीच्या फटीतून लाल मुरुमावर पळणारा नवरा पाहायचा. साहेब दमला की नवऱ्याला सुट्टी. तोवर भाकरी गार. आज वेताच्या खुर्चीत बसली होती, तरी तिने पाठ टेकली नव्हती. टेकली असती तर खुर्ची तिची झाली असती, आणि तिला ती खुर्ची कोणी दिलेली नको होती.

तिचा नवरा नत्थू या क्लबात मार्कर होता. कोर्टाला पाणी मारायचं, रूळ फिरवायचा, चुन्याच्या रेघा ओढायच्या, जाळी बांधायची, हे सगळं होतंच. पण मार्करचं खरं काम वेगळं. कोणी साहेब एकटा आला की त्याच्याबरोबर खेळायचं. तिघे आले की चौथा व्हायचं. आणि असं खेळायचं, की साहेबाला घाम यावा पण धाप लागू नये, त्याचे चार फटके झकास बसावेत, आणि घरी जाताना त्याला वाटावं की आपण बरे खेळतो. हे न शिकवता शिकायचं असतं. जिंकणाऱ्या मार्करला कोणी दुसऱ्या दिवशी बोलवत नाही. रात्री जेवताना नत्थू हे सगळं सांगायचा आणि सांगताना त्याचा चेहरा उजळायचा, याचंच बायजाबाईला नवल वाटे. कोणाचा गुडघा दुखतो, कोण नवी रॅकेट घेऊन आला की कुठे मारायला बघतो, आणि ते दत्तोपंत वकील डाव्या बाजूला कसे पार आंधळे आहेत. ‘उलट्या हातावर बॉल गेला का खतम. मी जाऊच नाही देत. एवढ्या वर्सांत त्यांले ठाऊकच नाही का आपल्याले उलटा हात येत नाही म्हणून,’ असं म्हणून तो हसायचा. एखाद्या बाईने मोडक्या सुपात अख्खं धान्य पाखडून दाखवावं, तसा त्याचा तोरा. ती म्हणायची, ‘देता येते त्याचं काय कवतिक. घेऊन दाखव ना एकदा.’ तो म्हणायचा, ‘जिंकणं कोणालेही येते, बायजे. बॉल देणं कठीण.’ मग ती ताट उचलायची. ती ताट उचलायची तेव्हा बोलणं संपलं असं घरात सगळ्यांनी समजायचं असे.

छप्पन साली त्यांनी दीक्षा घेतली. बायजाबाई पांढरं नेसून, पोराला कडेवर घेऊन गर्दीत उभी होती, आणि तिच्या अंगातून काहीतरी मोठं, जड असं निघून गेल्यासारखं झालं होतं. देव घरातून गेले, कोनाडा रिकामा झाला, घासून लख्ख केला. आता खाली पाहायचं नाही, वाकायचं नाही. आणि नत्थू दोन दिवसांनी सकाळी उठून, पायात कॅनव्हासचे बूट घालून क्लबात गेला. त्या दिवशीही ती डबा घेऊन गेली. मुद्दाम गेली. आज तो काहीतरी वेगळं करील असं तिला का वाटलं होतं कोण जाणे. दीक्षा घेतलेला माणूस बॉल तरी सरळ मारील. कुंपणातून तिने पाहिलं. तोच बॉल, तसाच हळुवार, त्याच दत्तोपंतांच्या त्याच उजव्या हाताशी. संध्याकाळी तिने त्याला चुलीपाशी गाठून विचारलं होतं, ‘काहून गा, अजून वाकूनच राहिला?’ त्याला तिचं म्हणणं खरंच कळलं नव्हतं. ‘वाकून कुठं राहिलो. उभ्यानं खेळतो मी,’ तो म्हणाला होता. एवढ्या सरळपणे म्हणाला की तिला भांडताही आलं नाही. न भांडलेली भांडणं तिच्या छातीत बरीच साठली होती. माणूस गेल्यावर ती कोणाशी भांडायची.

म्हणून पोराला तिने शिकवलं. ती स्वतः दुसरीत शाळेतून निघाली होती, पण पोराचं पुस्तक उलटं धरलेलं तिला लांबून कळायचं. सुट्टीच्या दिवशी नत्थू त्याला जुनी रॅकेट देऊन खेळायला घेऊन जाई तेव्हा ती दारात आडवी होई. ‘तुले त्याले बॉल देणारा बनवायचा आहे का?’ तरी दोघं मागच्या दाराने जात. मग पोरगा शिकला, नोकरीला लागला, साहेब झाला, प्रताप नगरात घर झालं, आणि एक दिवस स्वतःच्या पगारातून स्वतःची रॅकेट घेऊन आला. तेव्हा तिने तोंडाने ‘कशाले पाहिजे होती’ म्हटलं खरं, पण आत ती वाट पाहायला लागली होती. आता हा जाईल. मार्कर म्हणून नाही, जोडीचा माणूस म्हणून जाईल. त्याच कोर्टावर, त्याच लोकांसमोर उभा राहील आणि घेईल. नत्थूने दिलेलं सगळं घेऊन येईल. हे तिने कोणालाही सांगितलं नव्हतं. सांगायची गोष्टच नव्हती ती. पण गेले कित्येक हिवाळे ती याच संध्याकाळची वाट पाहत होती, आणि आता ती वेताच्या खुर्चीत बसून पाहत होती, की तिचा साहेब झालेला पोरगा, पांढरीशुभ्र पॅन्ट घालून, दत्तोपंतांना मार्करसारखा बॉल पुरवतो आहे.

पहिला सेट गेला. आनंदच्या ऑफिसातला त्याचा जोडीदार मार्तंड, जाड मानेचा, मोकळ्या गळ्याचा माणूस, टॉवेलने डोकं पुसत खुर्च्यांपाशी आला.

‘वहिनी,’ तो प्रेमलताला म्हणाला, ‘आमच्या आनंदरावले एकदा विचारा ना बा, ते कोणाकडून खेळून राहिले. मी आपला जीव तोडून राहिलो, आन हे तिकडच्या वकीलसाहेबाले लाडू भरवून राहिले.’

मंडळी हसली. प्रेमलताही हसली. बायजाबाईने तिच्याकडे असं पाहिलं की ते हसू अर्ध्यात मिटलं.

तेवढ्यात दत्तोपंत स्वतःच चालत आले. म्हातारे झाले होते. मान पुढे आलेली, पायात तेच पांढरे बूट. कुंपणातून दिसायचे तेव्हा फार उंच वाटायचे. जवळून पाहिलं तर तिच्या खांद्याला खांदा लागेल एवढेच.

‘आपण नत्थूच्या मंडळी ना?’ त्यांनी हात जोडले. ‘बसा, बसा. काय माणूस होता. अहो, त्याच्यासारखा हात मी पाहिला नाही. पोरात अगदी तसाच उतरलाय. मला तर आज पुन्हा नत्थूबरोबर खेळल्यासारखं वाटतंय.’

ते मनापासून बोलत होते, हीच तर अडचण होती. खोटं बोलले असते तर तिने त्यांना तिथल्या तिथे सोललं असतं.

‘आनंद तुमच्या समोरून खेळून राहिला,’ ती म्हणाली. ‘तुमच्यासंगं नाही.’

दत्तोपंत हसले. ‘बरोबर, बरोबर. पण खरं सांगू, नत्थू गेला आणि आमचा खेळच गेला.’

‘तुमचा खेळ त्यांच्याच हातात होता. जाईल नाही तं काय होईल.’

त्यांना यात टोमणा दिसला नाही, की दिसूनही त्यांनी तो बाजूने जाऊ दिला, हे तिला कळलं नाही. वकील माणूस. ते समोसा घ्यायला गेले. तिने आनंदला नुसत्या डोळ्यांनी बोलावलं. एवढा मोठा अधिकारी, पण आला. ती त्याला चार पावलं बाजूला, रुळापाशी घेऊन गेली.

‘काय करून राहिला तू?’

‘खेळून राहिलो.’

‘मले डोळे आहेत, आनंदा. तुले ठाऊक आहे तो डाव्या बाजूले आंधळा आहे.’

‘ठाऊक आहे. बा सांगत होता.’

‘मग तिथं काहून नाही टाकत?’

तो रॅकेटच्या तारा बोटांनी सरळ करत राहिला. ‘बुढा माणूस आहे, माय. सायंकाळचा दोन घडी खेळायले येते. लीग म्हणजे काही कोर्टकचेरी नाही.’

‘तुहा बापही बुढा झाला होता. छातीत घरघर होती तरी बोलावणं येत होतं. त्याले कोण म्हणलं, बुढा आहे, बस?’

‘मी मुद्दाम नाही देत,’ तो एकदम म्हणाला, आणि त्याचा आवाज लहान झाला. ‘माहा हातच तसा आहे. त्याच्याकडूनच शिकलो ना मी.’

हे तिला माहीत होतं. पहिल्या बॉललाच कळलं होतं. पण त्याच्या तोंडून ऐकलं आणि तिच्या डोक्यात सणक गेली. ती दारात आडवी होऊनही त्याला मागच्या दाराने नेलं होतं नत्थूने.

‘तो पोटासाठी देत होता,’ ती म्हणाली. ‘त्याले दुसरं करता येत नव्हतं. तू काहून देऊन राहिला? तुहं पोट भरलं नाही का?’

प्रेमलता मागून आली होती. ‘आई, हळू. लोक ऐकतात.’

‘ऐकू दे. मी काही उधार नाही बोलून राहिली.’

आनंद कोर्टावर गेला. जाताना त्याचे कान लाल झालेले तिला दिसले. लहानपणी मार बसला की असेच व्हायचे. तिला वाटलं, बरं झालं. मग वाटलं, काय बरं झालं. पण तोवर खेळ सुरू झाला होता.

आणि त्याने बॉल डाव्या बाजूला टाकला.

दत्तोपंतांनी रॅकेट कशीबशी तिकडे नेली. बॉल जाळीत गेला. ते हसले, मान हलवली, जोडीदाराला ‘सॉरी’ म्हणाले. आनंदने पुन्हा तिथेच टाकला. पुन्हा जाळीत. मग तिरकस वर उडून कुंपणापार. दत्तोपंत हसले नाहीत. ते जास्त डावीकडे सरकून उभे राहू लागले, म्हणजे सगळेच बॉल उजव्या हातावर घेता येतील. तर आनंदने आणखी डावीकडे टाकला, आणि ते पळाले, आणि त्यांचे पाय एकमेकांत अडखळले. मार्तंड ओरडत होता, ‘वा, आनंदराव. आता कसे.’ बायजाबाई खुर्चीच्या कडेवर आली होती. हेच, हेच ते. तिने समाधानाची वाट पाहिली. ते यायला हवं होतं. एवढ्या वर्षांची वाट, छातीतली गाठ सुटायला हवी होती. पण तोंडात मुरूम गेल्यासारखं कचकच काहीतरी येत होतं. समोर एक म्हातारा स्वतःच्या डाव्या बाजूकडे बघत होता. त्याला ती पहिल्यांदाच दिसत होती. सगळ्या आयुष्यात पहिल्यांदा. उतारवयात कोणी यावं आणि सांगावं, तुम्हाला हे कधीच येत नव्हतं. तिला दत्तोपंतांची कीव आली, आणि कीव आली म्हणून स्वतःचा असा राग आला की तिने खुर्चीचा हात गच्च धरला. त्याची कीव मी का करू. त्याने केली होती का कोणाची. पण तिला दिसत होते ते दत्तोपंत नव्हतेच मुळी. तिला दिसत होतं की नत्थूने एवढ्या वर्षांत, रोज, बॉलमागून बॉल ठेवून, जे काही उभं केलं होतं, ते तिचा पोरगा तिच्याच सांगण्यावरून फोडून राहिला आहे. भिंत असती तर पडताना आवाज तरी झाला असता.

‘अरे आनंद,’ दत्तोपंत जाळीपलीकडून म्हणाले. त्यांना धाप लागली होती. आवाजात ना राग होता, ना विनंती. जुन्या सवयीचा, घरातल्या माणसाशी बोलायचा आवाज होता. ‘जरा इकडे दे ना.’

इकडे दे. मेंदीच्या फटीतून तिने हे कितीदा ऐकलं होतं. नत्थू, इकडे दे. आणि नत्थू द्यायचा.

आनंदने हातातला बॉल एकदा जमिनीवर आपटून झेलला आणि खुर्च्यांकडे पाहिलं. सरळ तिच्याकडे. तिने काय करायचं होतं? मान हलवायची होती? कोणत्या बाजूला? तिने काहीच केलं नाही. नुसती बसून राहिली, आणि तिचा चेहरा नेहमी जसा असतो तसाच कठीण राहिला असावा, कारण आनंदने तोंड फिरवलं आणि सर्व्हिस टाकली. डावीकडे.

दुसरा सेट आनंदच्या जोडीने घेतला, आणि तिसरा तर लवकरच आटोपला. शेवटी शेवटी दत्तोपंत डावीकडचे बॉल सोडूनच देऊ लागले. नुसते बॉलकडे पाहायचे, आणि उचलायला जायचे. उजेड उतरला होता, चुन्याच्या रेघा तेवढ्या उरल्या होत्या. जाळीवरून हात मिळवले गेले. मार्तंड आनंदची पाठ थोपटत होता आणि आनंद पाठ थोपटून घेत होता, बैल जशी घेतो तशी. ऑफिसच्या जिमखान्याला दोन गुण मिळाले. कोणीतरी त्यांची नावं फळ्यावर खडूने लिहिली, त्यात ‘आनंदराव’ हे नाव बायजाबाईला लांबून वाचता आलं. तिने ते दोनदा वाचलं. काही झालं नाही.

दत्तोपंत स्वेटर चढवत तिच्यापाशी थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर आता हसू नव्हतं, पण कडवटपणाही नव्हता. आप्त गेल्याची बातमी उशिरा कळलेल्या माणसासारखे ते उभे होते.

‘नाही,’ ते म्हणाले. ‘मी मघाशी चुकलो. हा नत्थूसारखा नाही खेळत.’

हे वाक्य तिला आयुष्यभर ऐकायचं होतं. या माणसाच्या तोंडून तर खासच. आणि आता ते आलं, तर पोरगा नापास झाला असं मास्तरने घरी येऊन सांगावं, तसं आलं.

‘त्यांले तुम्ही कुठं खेळू दिलं,’ ती म्हणाली. ‘खेळले असते तं तुम्हाले कळलं असतं ते कसे खेळत होते. खरं सांगा, एकदा तरी पाहिलं का त्यांचं खेळणं?’

तिला वाटलं, वकील आहे, काहीतरी गोड बोलेल. बोलावं असं तिला वाटलं. एक दिवस असा होता, म्हणावं, कोणी नव्हतं, नत्थूला म्हटलं खेळ रे मोकळा, आणि काय खेळला. तिने ते खरं मानलं असतं. जन्मात पहिल्यांदा तिने त्यांचं काहीतरी घेतलं असतं. पण दत्तोपंत प्रामाणिकपणे आठवू लागले. स्वेटरची एक बाही तशीच लोंबत राहिली.

‘नाही हो,’ ते शेवटी म्हणाले. ‘खरंच नाही पाहिलं. कोणीच नसेल पाहिलं.’

ते गेले. प्रेमलता रिक्षा पाहायला फाटकाबाहेर गेली. आनंद रॅकेटला कव्हर घालत होता आणि आईकडे पाहत नव्हता. बायजाबाई त्याच्यापाशी जाऊन उभी राहिली. तिने नवऱ्याला शेकडो वेळा टोमणे मारले होते, घेऊन दाखव, घेऊन दाखव. आणि शेजारीपाजारी, नात्यात मात्र ताठ मानेने सांगितलं होतं की माह्या मालकाने मनावर घेतलं असतं तर एकेका साहेबाला रडवलं असतं. दोन्ही कशाच्या जोरावर बोलत होती ती? तिने काय पाहिलं होतं? मेंदीच्या फटीतून दिलेला बॉल पाहिला होता, एवढंच. त्याला जिंकता येत होतं, की येतच नव्हतं? देणं कठीण असतं, हे तो शहाणपणाने म्हणत होता, की झाकायला म्हणत होता? आता विचारायला कोणी उरलं नव्हतं. एकच माणूस उरला होता.

‘आनंदा,’ ती म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा खाली निघाला. ‘तुले घेऊन जात होता तो सुट्टीच्या दिवशी. तिथं तं कोणी साहेब नव्हता. तुह्यासंगं कसा खेळत होता गा? तुले तरी हरवलं का त्यानं कधी?’

आनंदने कव्हरची चेन लावली. मग तिच्याकडे पाहिलं.

‘नाही, माय,’ तो म्हणाला. ‘दरवेळी मीच जिंकत होतो.’